चार अंगांना एक टॉवेल

मी टॉवेल बोलतोय, आणि देवाशपथ सगळं खरं बोलतोय. आता शपथ घ्यायला हात लागतो आणि मला नुसते काठ आहेत, तेव्हा ती जराशी कच्चीच धरा.

जन्म सोलापूरचा. मागावरून उतरलो तेव्हा माझा पांढरेपणा बघून मालकाचे डोळे दिपले होते. तारापूरच्या एका कारखान्यात कामगारांना दरवर्षी साबण आणि टॉवेल मिळतो, तसा मी मनीषच्या वाट्याला आलो. कुंभवलीत त्याची एक खोली. बायको प्रतीक्षा, चार वर्षांची मेघाली आणि बीडकडून आलेली आई, झुंबरबाई. माझ्या आधीचे आठ भाऊ झुंबरबाईंच्या पत्र्याच्या पेटीत घडी न मोडता पडून होते. पाहुण्यांसाठी. बाहेर मी एकटा. चार अंगं पुसता पुसता मोरीतल्या खिळ्यावर वाळायलाही फुरसत नसे.

मेघालीच्या मांडीवर गळू आलं. शेजारची नवसी आपल्या लेकाच्या औषधाची उरलेली बाटली घेऊन आली. म्हणाली, "घे गं, आमच्या पोराला दोन दिसांत बरं वाटलं. फेकायचं कशाला?" दोन दिवस औषध दिलं, गळू बसलं, बाटली फळीवर गेली. महिन्याभरात मनीषच्या काखेत गळू, मग पुन्हा मेघालीच्या पाठीवर. मला स्वतःचाच संशय आला होता. एका सकाळी मी खिळ्यावरून सरळ मोरीत उडी घेतली, म्हटलं, आता तरी कुणी वापरणार नाही. प्रतीक्षानं मला खळबळून, पिळून परत टांगलं.

तिसऱ्या खेपेला मांडीवर लिंबाएवढं झालं. पोर तापानं फणफणली, पाय टेकवेना. फळीवरची बाटली पुन्हा उघडली, पण ताप हलेना. प्रतीक्षानं तिला माझ्यातच गुंडाळलं आणि मनीषच्या गाडीवर बसून पालघर गाठलं. वाटभर ती एवढंच विचारत होती, "अहो, ही डोळे का मिटतेय?"

डॉक्टरबाईंनी गळू फोडलं, पू तपासायला पाठवला, मुलीला ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी कळलं, नेहमीच्या औषधांना हा जंतू दाद देत नाही. अर्धवट औषधांतून जगलेले जंतू असे निबर होतात, बाई म्हणाल्या. त्यांनी औषध बदललं. मग विचारलं, घरात टॉवेल किती?

"नऊ," प्रतीक्षा म्हणाली.

"वापरात?"

"एक."

नातीला बघायला आलेल्या झुंबरबाईंनी पदर सावरला. "बाकीचे पाव्हण्यांसाठी ठिवलेत."

"आजी, पाहुणा कधीच आलाय. नातीच्या मांडीत मुक्काम करून बसलाय."

म्हातारी घरी आली ती थेट पेटीपाशी गेली. पेटी उघडून चार टॉवेल काढले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेगळ्या रंगाचा दोरा घातला. मेघालीचा लाल. दोन दिवसांनी ताप उतरला, तरी सांगितलेलं औषध शेवटच्या थेंबापर्यंत दिलं. नवसी उरलंय का विचारायला आली, तेव्हा प्रतीक्षानं तिच्यापुढे बाटली उलटी धरली.

मला उकळत्या पाण्यातून काढलं, कडक उन्हात वाळवलं. आता मी मनीषची गाडी पुसतो. तुमच्या मोरीत खिळ्यावर किती जण लटकतात, एकदा बघून घ्या.

आणि हो, ती मोरीतली उडी थाप आहे. मी जागचा हललो नव्हतो. घरातल्या प्रत्येकाला आधी मीच लागायचो, त्याचं मला फार अप्रूप होतं.