निस्ता चिखल

जगन नाखव्याच्या खडपावरची शेवंड एवढी माजलेली असायची, की पाटीतल्या पाटीत मिशांनी गिऱ्हाइकांच्या टोप्या उडवायची. माझी स्वतःची उडाली आहे. लालबागच्या मच्छीबाजारात ती विकायला बसायची जगनची बायको काशीबाई. पण ते खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, समुद्रात नेमकं कुठे, हे तिलाही ठाऊक नव्हतं. जगनला ते बापाने मरताना कानात सांगितलेलं. त्यांच्यात रीतच तशी. होडी वाकेस्तोवर भरून आली तरी "काय गावला?" म्हटलं की उत्तर एकच, "काय नाय, निस्ता चिखल." खरं सांगितलं की दुसऱ्या दिवशी सगळा कोळीवाडा तिथे हजर.

आमच्या चाळीतली अक्षता पर्यावरणाचे अहवाल लिहिणाऱ्या एका कंपनीत लागली. सिमेंटसाठी चुन्याचा गाळ मिळतो का, ते एक जहाज समुद्राचा तळ उकरून बघणार होतं. त्याआधी तळाशी काय जगतं, हे अक्षताने लिहून द्यायचं. मीच दीडशहाणा, तिला जगनकडे घेऊन गेलो.

तिने नकाशावर बोट ठेवलं. "जगनकाका, इथे खाली काय आहे?"

जगनचा चेहरा पडला. बोट बरोब्बर खडपावर होतं.

"चिखल."

"खडक? मासे?"

"सांगतंय ना गो, निस्ता चिखल."

मागे काशीबाईच्या पाटीतल्या शेवंडी मिशा हलवून ओरडत होत्या, लबाड आहे, लबाड आहे! पोरीला ऐकू आलं नाही. मला आलं. मी गालात हसलो आणि गप्प बसलो. जगनने तिच्या कागदावर सही ठोकली.

अक्षताने कॅमेरा खाली सोडायची परवानगी मागितली होती. तिच्या कंपनीचे साहेब म्हणाले, "चाळीस वर्षं समुद्रावर जाणारा माणूस सही करून चिखल म्हणतोय, आणखी काय हवं?" हवा होता तो चिखलच. त्यातच तर जहाजवाल्यांचा चुना.

जहाज आलं. तळाला पाडलेल्या पहिल्या चार भोकांतच पाणी दुधासारखं झालं. जगनच्या जाळ्यात शेवंडी आल्या त्या चुना फासल्यासारख्या, निम्म्या मेलेल्या.

"मी बोललो ता त्यांनी खरा धरला?" जगन मला विचारत होता.

जगनने तक्रार केली आणि दादरच्या एका हॉलमध्ये सुनावणी लागली. अधिकारी म्हणाले, "नाखवा, सही तुमची. आता म्हणता खडप आहे. कुठे आहे, सांगा."

हॉलमध्ये पन्नास नाखवे बसलेले. काशीबाईने जगनचा शर्ट ओढला. "सांगू नका. हे खातील."

"नाय सांगितला तर जहाज खाईल."

जगनने सांगितलं. किती वाव पाणी, कुठला डोंगर कुठल्या टॉवरच्या आड आला की नांगर टाकायचा, सगळं. पन्नास मोबाईल एकदम बाहेर आले.

मग अक्षता उभी राहिली. "चूक माझीही आहे. मी खाली न बघताच लिहिलं."

जहाज महिनाभर थांबवलं. तेवढ्यात कॅमेऱ्याने तपासणी करायची, असं ठरलं. कॅमेरा यायला वीस दिवस लागले. होड्या दुसऱ्याच पहाटे पोचल्या.

त्या आठवड्यात लालबागला शेवंड कोलंबीपेक्षा स्वस्त होती. पोटाला अंडी चिकटलेल्या माद्या, बोटाएवढी पिल्लं, काही सोडलं नाही. मीही दोन किलो नेल्या. रस्सा झकास झाला, खोटं कशाला सांगू?

कॅमेरा गेला. खडप होतं, जगन म्हणाला तिथेच. त्यावर फाटकी जाळी अडकलेली. कपारीन् कपार रिकामी.

अक्षता अहवाल घेऊन जगनच्या घरी आली. "काका, खडक आहे हे लिहिलंय. पण जिवंत काही दिसलं नाही, असं लिहिलं तर जहाज परत येईल."

"मग भरलेला हाय म्हणून लिव गो," काशीबाई म्हणाली. "कोण जातंय बघायला?"

जगनने कागदातल्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"जा दिसला, ता लिव."

पोरीने लिहिलं. सोमवारी जहाज परत आलं.