तळ न शिवलेले बूट

माझे दाजी बूट शिवायचे. तळ आधी कच्चा टाचायचा, गिऱ्हाईक बूट घालून चार पावलं चाललं की मगच पक्का शिवायचा, हा त्यांचा हट्ट. खुद्द राजा आला असता तरी म्हणाले असते, "महाराज, आधी पाय!"

बोटीवर नोकरीला गेलेल्या त्यांच्या मुलाचे बूट तसेच कच्च्या टाक्यांवर होते. आणि मुलगा तर बोटीबरोबर बुडाला होता. दाजींचं हृदय अधू, दिवसभर खाटेवरच. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसणार नाही. मग घरानं तोंडाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली, कारण थापा मारण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

"दाजी, कप्तानाच्या मिशा इंजिनात अडकल्यात. कापू देत नाही म्हातारा. बोट उभी!"

दाजी हसता हसता खोकायचे. त्यांची बायको, म्हणजे माझी ताई, आत नळ मोठा सोडून घासलेलीच भांडी पुन्हा घासायची.

एका दुपारी त्यांनी मला हातानंच गप्प केलं आणि मुलीला हाक मारली. "मामाचं राहू दे. तू सांग. हातात जोर आहे तोवर तळ शिवायचाय. दादा येणारे का बूट घालून बघायला?"

ताईनं दारातून खूण केली: हो म्हण. मीही डोळे वटारले.

पण याच पोरीला मांडीवर घेऊन दाजींनी गाईची गोष्ट सांगितली होती. वासराला पाजून येते, असा वाघाला शब्द देऊन खरंच परत आलेली गाय. "पळून का नाही गेली?" म्हणून पोर रडायची. दाजी म्हणायचे, "मग वासरानं पुढे कुणाचं खरं मानायचं, बाळ?"

ती त्यांच्याजवळ बसली. "नाही येणार, बाबा. दादा गेला. बोट बुडाली."

दाजी भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं.

"म्हणजे पोरगा गेला," ते म्हणाले, "आणि मी मिशांवर हसत होतो."



त्यांनी ताईकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

तिनं मान डोलावली.

"आणि एकटीच रडत होतीस?"

ते कष्टानं भिंतीकडे सरकले, खाटेवर तिला जागा केली. ताई येऊन टेकली, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.