मिस्त्रींचं बोट आणि मी वाकडी

मी वाकडी बोलतेय. नावाचा राग नाही, आहेच मी वाकडी. काचेची, दोन पायांची, मधे वळलेली नळी. इंजिन ऑइल तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत माझी अकरा वर्षं गेली. हल्ली मुक्काम स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे आणि एक पाय जायबंदी आहे. तो कसा गेला, तेच सांगायचंय.

माझं काम ऐकायला सोपं. माझ्यात तेल भरायचं, मला गरम टाकीत उभं करायचं आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला तेल किती सेकंद घेतं ते मोजायचं. एकदा चाळीस डिग्रीला, एकदा शंभरला. तापलं की सगळंच तेल पातळ होतं, पण जे कमी पातळ होतं ते चांगल्या घरचं, असा माझा ठोकताळा.

डब्यातल्या तेलात मोठा वाटा मूळ तेलाचा असतो, बाकीची सगळी वरून मिसळलेली औषधं. डब्यावर 'सिंथेटिक' काय, कोणीही छापतं. आतलं मूळ तेल कुठल्या प्रतीचं, ते ओळखण्यात खरी कसोटी. ती फक्त मला जमते, असं मला वाटायचं. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं तर टाकीच्या तळाशीच होतं.

मला सांभाळायची आमची ताई. तेल तपासण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. प्रत्येक तपासणीनंतर मला आंघोळ, मग वाळवण, मग उजेडात धरून डाग बघणं. स्वतःच्या चष्म्याचं एवढं केलं असतं तर ती रोज दारातल्या पायरीला अडखळली नसती.

ताईचे बाबा बस डेपोत मुख्य मिस्त्री. त्यांची ख्याती होती बोटाची. तेलात बोट बुडवायचं, अंगठ्यावर चोळायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. अख्खा डेपो श्वास रोखून बघायचा. बापाचं बोट आणि लेकीची नळी, घरात जेवतानासुद्धा हाच वाद.

मिस्त्री निवृत्त व्हायला महिना उरला होता, तेव्हा डेपोला वर्षभराचं ऑइल घ्यायचं होतं. दोन डबे समोर आले. एक सोनेरी, इतका चकचकीत की त्यात बघून दाढी करावी. दुसरा राखाडी, कोपऱ्यात चेपलेला. साहेबांचं मन सोनेरीवर बसलं होतं. मिस्त्रींनी दोन्हीत बोट बुडवलं आणि म्हणाले, "राखाडी घ्या. सोनेरी घातलंत तर इंजिनं वर्षभरात रडतील."

"मिस्त्री, साठ बसचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "तुमच्या लेकीच्या प्रयोगशाळेचा कागद येऊ दे. कागद आणि बोट जुळलं तर राखाडी, नाहीतर सोनेरी."

म्हणजे चाळीस वर्षांची अब्रू माझ्या दोन खुणांच्या मधे येऊन अडकली.

मी प्रामाणिकपणे काम केलं. दोन्ही तेलं चांगलीच निघाली, पण सोनेरी सरस. शंभर डिग्रीलाही ते थाटात, सावकाश उतरलं. मी तर मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. ताईचा चेहरा मात्र उतरला. तिने फोन केला तसे मिस्त्री कामाच्या कपड्यांतच येऊन हजर.

"तुझी नळी चुकतेय, पोरी."

"अकरा वर्षांत नाही चुकली, बाबा."

"माझं बोट चाळीस वर्षांत नाही चुकलं!"

ताईने तीन वाट्यांत वेगवेगळी तेलं ओतली आणि म्हणाली, "यातलं उत्तम कुठलं, सांगा."

मिस्त्रींनी तिन्हीत बोट बुडवलं. चोळलं, डोळे मिटले, मान डोलावली. "हे तिसरं. राजा आहे राजा!"

तिसऱ्या वाटीत दाराच्या बिजागऱ्यांना घालायचं तेल होतं.

मिस्त्रींचे कान लाल झाले. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी मला उचललं. "बघू तरी काय एवढं आहे हिच्यात!" तीन तेलांनी माखलेलं ते जगप्रसिद्ध बोट, आणि मी गुळगुळीत काच. खळ्ळकन आवाज झाला आणि माझा उजवा पाय फरशीवर.

ताईने झाडू आणला. मिस्त्री स्टुलावर बसले आणि माझा तुकडा रुमालाने पुसू लागले. मग हळूच म्हणाले, "बोटाला काही कळत नाही गं. कधीच कळलं नाही."

"म्हणजे?"

"नमुने आधीच आले होते, तेव्हापासून सोनेरी डब्यातलं तेल मी दोन महिने सात नंबरच्या बसमध्ये घालून बघितलं. रोज सकाळी पातळी बघायची डिपस्टिक ओढून वहीत लिहायचो, रोज पातळी खाली. गळती नाही, धूर नाही, आणि आठवड्याला लिटरभर भरावं लागतंय! राखाडी घातलेली बस महिन्यात थेंब मागत नाही."

"मग हे साहेबांना का नाही सांगितलंत?"

"चाळीस वर्षं बोट वर करून फिरलो. आता जाता जाता वही दाखवू?"

ताई हसता हसता थांबली. "गळत नाही, जळत नाही... बाबा, मग ते उडतंय!" तिने दोन्ही तेलं सारख्या वजनाची घेतली, तासभर कडक तापवली आणि पुन्हा वजन केलं. राखाडी शंभर ग्रॅमचं त्र्याण्णव उरलं. सोनेरी अठ्ठ्याहत्तर.

तेव्हा माझी खोड मोडली. सोनेरीत मूळ तेल हलक्या प्रतीचं होतं. वरून घट्टपणा टिकवणारं औषध भरमसाट ओतलं होतं, आणि त्या थाटालाच मी भुलले होते. बोटाला कळलं नव्हतं आणि नळीलाही नाही. कळलं होतं ते रोज सकाळी डिपस्टिक ओढणाऱ्या हाताला. मला मिस्त्रींसमोर फार लाज वाटली, आणि खरं सांगते, त्यांच्याबद्दल मायाही.

ताईने उडण्याचे आकडे कागदावर लिहून दिले आणि राखाडी तेल आलं. साहेब म्हणाले, "बोट ते बोट!" मिस्त्रींनी मला फेकू दिलं नाही, रुमालात गुंडाळून घरी आणलं.

निरोपाच्या दिवशी मात्र त्यांनी हिंमत केली. सगळ्यांसमोर बोट वर करून म्हणाले, "या बोटाला काही कळत नाही. रोज पातळी बघा आणि वहीत लिहून ठेवा." टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब डोळे पुसत म्हणाले, "एवढा मोठा माणूस, पण पाय जमिनीवर!" दुसऱ्या दिवसापासून डेपोतले सगळे नवे मिस्त्री डोळे मिटून बोटं चोळू लागले. नंतर एकदा डेपोत जाऊन आल्यावर आमच्या मिस्त्रींनी मला हे सांगितलं आणि म्हणाले, "सांगून बघितलं गं, वाकडे."

आता माझ्या उरलेल्या पायात पाणी असतं आणि एक हिरवी फांदी. पाणी रोज बदला, एवढंच माझं मागणं. सुट्टीच्या दिवशी लोक अजून बाटलीतून तेल घेऊन येतात. "प्रयोगशाळेत द्या," मिस्त्री म्हणतात. "नुसतं बोट लावा हो!" लोक हट्ट धरतात.

शेवटी मिस्त्री बोट बुडवतात, चोळतात, डोळे मिटतात. मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघतात आणि सहज विचारल्यासारखं विचारतात, "बरं, आठवड्याला किती भरावं लागतं?"