यादीतला अडतिसावा

आमच्या तोरो मुलखात वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे मानतात. प्रत्येकाला लहानपणीच एक आदराचे नाव मिळते. अशी नावे सगळी मिळून डझनभर, आणि माणसे लाखो. भेटलेल्याचा हात हातात घ्यायचा, ते नाव विचारायचे, आपले सांगायचे, मग बोलायचे. साथरोगाच्या दृष्टीने या रीतीत दोन दोष आहेत. पहिला हाताचा. दुसरा माझ्या लक्षात सतराव्या दिवशी आला.

काटुरामूने शेतात खत घालायला गुहेतली वटवाघळांची विष्ठा खणली आणि काही दिवसांनी मार्बर्ग ताप घेऊन तो आमच्या आरोग्य केंद्रात आला. हा ताप आजाऱ्याला शिवल्याने पसरतो आणि एकवीस दिवसांत कधीही डोके वर काढतो. म्हणून त्याची शुद्ध हरपण्याआधी परिचारिकेने, आजारात तो ज्यांना शिवला त्यांची अडतीस नावे उतरवून घेतली. सदतीस जण सापडले. रोज त्यांचा ताप मोजला जाई. सगळे ठणठणीत होते. अडतिसाव्या ओळीत फक्त 'अमूती' एवढे आदराचे नाव होते.

केंद्रातर्फे शोधाचे काम माझ्याकडे होते. गावात बेचाळीस अमूती निघाले. त्यांना मी चर्चच्या मैदानात दोन-दोन हातांच्या अंतरावर उभे केले. अडतीस जणांनी काटुरामूला पाहिलेही नव्हते. यादीतल्यांना साबण मिळतो असे ऐकून उरलेल्या चौघांनी त्याला मिठी मारल्याचे सांगितले. चौघेही त्या आठवड्यात परगावी होते.

यादीतला प्रत्येक जण एकवीस दिवस पार करीपर्यंत गावात समारंभ नाही, असा जिल्ह्याचा हुकूम होता. आणि काटुरामू आल्यापासून तेविसाव्या दिवशी अब्वोलीच्या मुलीची पाठवणी ठरली होती; आमच्याकडे त्या दिवशी वराकडचे वधूच्या घरी गायी आणतात. अब्वोली म्हणजे तापमापी घेऊन माझ्याबरोबर घरोघर फिरणारी गावची आरोग्यसेविका.

"साहेब, गायी कबूल झाल्यात," ती म्हणाली. "व्याही थांबेल, गायीही थांबतील. जावयाचं सांगवत नाही. अमूती सापडत नसेल तर मीच एखादा आणून उभा करते."

"पुरावा लागेल."

"तुमचं आपलं एकच."

सतराव्या दिवशी काटुरामू शुद्धीवर आला. नात्याने तो तिचा दूरचा दीर. विलगीकरण कक्षाच्या दुहेरी कुंपणाच्या अलीकडे, तोंडावर मुखपट्टी बांधून आम्ही उभे राहिलो.

"भावोजी, तुम्ही गेलात असं धरून मेहुण्यानं तुमची सायकल नेली."

"तिला ब्रेक नाही. उतारावर कळेल त्याला."

"तो अमूती कोण?"

"इथल्याच फाटकावरचा. गाडीवरून उतरताना कोसळत होतो, त्यानं सावरलं. हात हातात घेऊन नाव विचारलं. सभ्य माणूस."

"दिसायला कसा?" मी विचारले.

"डोळ्यांपुढे अंधार होता हो. आवाज तेवढा लक्षात आहे." मग तो माझ्याकडे वळला. तापाने त्याची रीतभात नेली नव्हती. "आपलं नाव विचारायचं राहिलंच की."

कामावर मला फक्त 'साहेब' म्हणावे, असा माझा आग्रह असे. पण जन्माची सवय विचाराआधी बोलून गेली.

"अमूती," मी म्हणालो.

"परत म्हणा बरं," काटुरामू मान कलती करून म्हणाला.

अब्वोलीचे खांदे हलू लागले. "बेचाळीस जण उन्हात, आणि त्रेचाळिसावा सावलीत वही धरून," ती म्हणाली.

"आवाज हा पुरावा नव्हे," मी म्हणालो आणि फाटकावरची वही मागवली. पहिल्या दिवशीच्या पानावर काटुरामूच्या आगमनाची नोंद माझ्याच अक्षरात होती. खालच्या ओळीत, दहा मिनिटांनंतरची वेळ घालून, हातमोजे वाटायला सुरुवात केल्याचे लिहिले होते. त्या दिवसापासून कर्मचाऱ्यांचा ताप रोज सकाळी नोंदला जात होता. मुगेन्यी, म्हणजे मी: सतरा नोंदी, छत्तीस पूर्णांक आठ अंशांच्या वर एकही नाही. आरोपी दुसऱ्या वहीत, दुसऱ्या नावाने, पूर्ण देखरेखीखाली होता.

मी जिल्ह्याला कळवले आणि उरलेले चार दिवस घरात एकटा बसलो. अब्वोली सकाळ-संध्याकाळ अंगणात उभी राहून मला तापमापीचा आकडा विचारी आणि मी सांगितलेला आकडा शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणे. "छत्तीस सहा. जावईबापूंना कळवते हं."

तेविसाव्या दिवशी गायी आल्या. जावई त्यांच्याही आधी आला होता. मांडवाच्या तोंडाशी हात धुण्याचे पिंप होते, आणि त्यापलीकडे पाहुण्यांच्या वहीत अब्वोलीने दोन रकाने आखले होते: नाव आणि आदराचे नाव. पहिली ओळ तिने स्वतःच भरून ठेवली होती: मुगेन्यी, अमूती. मी सही केली, हात धुतले आणि कारो, म्हणजे नाचणीची घट्ट उकड, वाढतात त्या रांगेत जाऊन उभा राहिलो.