तीन गरुड

परभणीत स्टेशनजवळच्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल त्या रविवारी पत्त्यांच्या स्पर्धेला दिला होता. पंगतीची लांब टेबलं ओळीने मांडलेली, त्यांच्यावर निळं कापड, आणि समोरासमोर खुर्च्या. सकाळी बसायला जागा नव्हती. दुपारी हरलेले बरेचसे निघून गेले, उरलेले सेमीफायनल बघायला थांबले.

मानवतची त्रिवेणी फळ्यासमोर उभी राहून जोड्या वाचत होती. तिच्या नावापुढे हरिओमचं नाव होतं.

"झालं का!" मागून हरिओमच म्हणाला. "आपली गाठ फायनलला पडायला पायजे होती."

"आता एकच जाईल पुढं."

"मग तूच जा. मी पिंगळीला जाऊन झोपतो."

तो हसला खरा, पण हातातली पत्त्यांची डबी सारखी उघडत होता आणि मिटत होता.

'सप्तबुरूज' हा खेळ दोघं कॉलेजात असताना एकदमच शिकले होते. प्रत्येकाने आपापले चाळीस पत्ते आणायचे. काही पाकिटातून निघालेले, काही अदलाबदलीत मिळवलेले. समोरच्याचे सात बुरूज पाडले की डाव आपला. तीनपैकी दोन डाव जिंकेल तो पुढे जाणार. कॉलेज संपल्यावर बाकीच्यांचा खेळ सुटला, या दोघांचा सुटला नाही. त्रिवेणी मानवतला बियाण्यांच्या दुकानात बिलं करायची, हरिओम पिंगळीला राहून परभणीत मोबाइल दुरुस्त करायचा. रविवारी ती एसटीने यायची आणि त्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून दोघं संध्याकाळपर्यंत खेळायची.

त्रिवेणीची ताकद तिच्या तीन गरुडांत होती. बाकीचे वीर एका वेळी एक बुरूज पाडायचे, गरुड एका झेपेत दोन पाडायचा. हरिओमकडे पहारेकरी होता. आपली पाळी आली की पत्ता उचलायच्या आधी 'पहारा' म्हणायचं, म्हणजे पडलेला एक बुरूज परत उभा राहतो. मात्र तोंडाने म्हटलं तरच. हरिओम हे हमखास विसरायचा. मग त्रिवेणीच म्हणायची, "हरी, पहारा." तो कपाळावर हात मारून घ्यायचा.

सेमीफायनलचा पहिला डाव त्रिवेणीने जिंकला. दोन गरुड लवकर हाताला लागले आणि हरिओमला सावरायला वेळच मिळाला नाही.

दुसरा डाव सुरू झाला तेव्हा जिन्यातून तिचे वडील वर आले. शिवलिंगअप्पांचं मानवतला धान्याचं दुकान. नात्यातल्या एका साखरपुड्यासाठी ते परभणीला आले होते, जाताना लेकीला बरोबर न्यावं म्हणून थांबले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात साखरपुड्यातल्या फराळाची पिशवी. या खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं. भिंतीकडेच्या खुर्चीवर ते टेकले आणि लोक जिकडे बघत होते तिकडे बघू लागले.

दुसऱ्या डावातही त्रिवेणीचंच पारडं जड होतं. हरिओमचे तीन बुरूज उरले, तिचे सहा. तिने पत्ता उचलला. गरुड. तिने तो हातातल्या पत्त्यांत सरकवला, तेवढ्यात हरिओमने हात वर केला.

"सर, इकडं या."

शिवशंकर सर या स्पर्धेचे पंच. ते चष्मा कपाळावर चढवत आले.

"काय झालं?"

हरिओम टेबलाकडे बघत बोलला. "हिचे पत्ते तपासा. मला वाटायलंय, पाठीमागून ओळखू यायलेत."

त्रिवेणीला आधी समजलंच नाही. तिला वाटलं, तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. सरांनी तिच्यापुढे हात केला तेव्हा तिने पत्ते त्यांच्या हातात दिले.

सरांनी चाळीसच्या चाळीस पत्ते जुळवले आणि कडा टेबलावर ठोकून डोळ्यांसमोर आडवे धरले. पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं असतात, पाठी एकसारख्या दिसाव्यात म्हणून. सगळ्या कव्हरांची कड एका रेषेत होती. फक्त तीन ठिकाणी ती केसभर आत होती. सरांनी ते तीन पत्ते ओढून काढले आणि एकेक उलटा केला.

गरुड. गरुड. गरुड.

बघणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. "खुणेचे पत्ते हायत," कुणीतरी मागून म्हणालं. ते अप्पांपर्यंत गेलं. त्रिवेणीने तिकडे पाहिलं नाही, पण खुर्ची सरकल्याचा आवाज तिने ऐकला.

"सर, मी मुद्दाम न्हाई केलं," ती म्हणाली. "जुनी कव्हरं फाटली होती. ही दुसऱ्या पाकिटातली हायत."

"मुद्दाम केलंस असं मी म्हणत न्हाई," सर म्हणाले. "पण पत्ते ओळखू येतात ही गोष्ट खरी हाय ना? मग नियम सगळ्यांना सारखा. हा डाव हरिओमला. एक-एक झालं. तिसऱ्या डावाआधी सगळी कव्हरं बदल, नवं पाकीट मी देतो."

दुसऱ्या पाकिटातली. ते शब्द तोंडातून निघून गेले आणि मग त्रिवेणीला आठवलं. ती तीन कव्हरं हरिओमनेच दिली होती. मागच्या रविवारी गरुडांची कव्हरं कोपऱ्यात फाटलेली दिसली, तेव्हा त्याने ड्रॉवरमधून काढून दिली होती. तिने झटकन त्याच्याकडे पाहिलं. तो आपले पत्ते पिसत होता. वर बघत नव्हता.

त्याला माहीत होतं? देतानाच माहीत होतं?

सरांनी नवी कव्हरं आणून दिली. ती एकेक पत्ता काढून नव्या कव्हरात घालू लागली. पत्ता कव्हराच्या तोंडाशी अडकत होता. सगळा हॉल आपल्या हातांकडे बघतोय असं तिला वाटत होतं. उठावं, पिशवी घ्यावी आणि जिना उतरून जावं. कुणी अडवणार नव्हतं.

अप्पा टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"त्रिवेणी."

"काय अप्पा?"

"त्यायनी जे काढलं, ते तू जाणून केलंस का?"

"न्हाई."

"माझ्याकडं बघून सांग."

तिने मान वर केली. "न्हाई अप्पा. जाणून न्हाई केलं."

अप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या दुकानात काट्यावर शंका घेणारं गिऱ्हाईक आलं, की ते वाद घालत नसत. माल उतरवून सगळ्यांसमोर पुन्हा मोजत. तेच त्यांनी इथंही सांगितलं.

"मग उठायचं न्हाई. नव्यानं मांड आन् सगळ्यायच्या पुढं खेळ. हरलीस तरी हरकत न्हाई."

ते परत जाऊन खुर्चीवर बसले. फराळाची पिशवी मात्र टेबलाच्या पायाशीच राहून गेली.

तिसरा डाव सुरू झाला.

सुरुवातीला त्रिवेणीच्या हातून चुका झाल्या. लक्ष पत्त्यांत नव्हतं, समोरच्या माणसात होतं. याच माणसाच्या दुकानात आपण चहा पितो, याच्या आईने आपल्याला दिवाळीला चकल्या दिल्या, हेच मनात येत होतं. तोवर हरिओमने तिचे तीन बुरूज पाडले. मग तिने एक मोठा श्वास घेतला आणि हातातले पत्ते नव्याने लावले. विचार नंतर करू, ती मनाशी म्हणाली. आधी हा डाव.

ती सावरली. एक वीर बळी देऊन तिने त्याचा मोठा हल्ला थोपवला. त्याच्या भालाईतांना गुंतवून ठेवलं आणि बाजूने बुरूज पाडत राहिली. हरिओमही काही कच्चा नव्हता. त्याने पहारेकरी मांडला. दोनदा 'पहारा' म्हणून दोन बुरूज परत उभे केले. त्रिवेणीने ते पुन्हा पाडले. बघणारे टेबलाजवळ सरकले होते.

शेवटी दोघांचेही दोन-दोन बुरूज उरले. त्रिवेणीच्या हातात एक गरुड होता. पण गरुड उतरवायला पाच रसद, म्हणजे खर्चाच्या पाच सोंगट्या, लागते आणि तिच्याकडे चार होती. रसद दर पाळीला एकने वाढते. म्हणजे पुढच्या पाळीला गरुड उतरणार, दोन बुरूज पडणार, डाव तिचा. फक्त हरिओमचे बुरूज दोनच राहायला हवे होते. त्याने 'पहारा' म्हटलं की तीन होणार. मग गरुड दोन पाडेल, एक उरेल, आणि त्याच्या पुढच्या पाळीत आपण संपलो.

"तुझी पाळी," ती म्हणाली.

हरिओमने हातातले पत्ते बघितले. त्याच्या कपाळावर घाम होता. तिचे बुरूज मोजले, आपले वीर मोजले. ओठ हलवत काहीतरी हिशेब करत राहिला. मग त्याचा हात पत्त्यांच्या गठ्ठ्याकडे गेला.

त्रिवेणीच्या जिभेवर शब्द आला. *हरी, पहारा.* इतक्या रविवारांची सवय. तो आपोआपच आला. ओठ विलग झालेसुद्धा. तिने दात आवळले आणि जीभ टाळूला दाबून धरली.

शिवशंकर सर बाजूलाच उभे होते. त्यांनीही गठ्ठ्याकडे जाणारा हात पाहिला असणार. पंचाने बोलायचं नसतं. ते बोलले नाहीत.

त्याची बोटं वरच्या पत्त्यावर टेकली, तिथेच थांबली. त्याने एकवार वर बघितलं. त्रिवेणीने नजर हलवली नाही. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून ती त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिली.

त्याने पत्ता उचलला.

मग हल्ला केला. तिचा एक बुरूज पडला, एक उरला.

"तुझी पाळी."

तिने पाच रसद पुढे सरकवली आणि गरुड टेबलावर ठेवला. "दोन्ही बुरूज."

हरिओम पत्त्याकडे बघत राहिला. मग त्याचा हात पहारेकऱ्यावर गेला. "सर, माझा पहारा राहिला."

"पत्ता उचलल्यावर न्हाई चालत, हरिओम."

"हो." तो सावकाश खुर्चीला टेकला. "माहितंय मला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी शेजारच्याला विचारलं, "आमचीच जिंकली ना?" आणि मग तेही टाळ्या वाजवू लागले.

फायनल त्रिवेणी हरली. नांदेडहून आलेली प्रियांका नावाची मुलगी तिच्याहून शांत डोक्याने खेळली आणि सरळ दोन डावांत मोकळी झाली. खरं म्हणजे त्या डावांत त्रिवेणी जेमतेमच खेळली. दुसऱ्या नंबरची ढाल हातात घेऊन तिने फोटो काढून घेतला, टेबलापाशी राहिलेली फराळाची पिशवी उचलली आणि जिना उतरली. अप्पा पुढे रिक्षा बघायला गेले होते.

खाली हरिओम उभा होता. गाडीला वेळ होता म्हणून थांबलो, असं म्हणाला.

"ती कव्हरं तूच दिली होतीस," त्रिवेणी म्हणाली.

"हो."

"देताना माहिती होतं?"

"आईशप्पथ न्हाई. ड्रॉवरात पडली होती, ती दिली." त्याने बुटाने खडा ढकलला. "पहिल्या डावात दिसलं मला. तू पत्ते पिसायलीस तवा. कड जरा आत वाटली."

"पहिल्या डावात? मग तवाच का न्हाई बोललास?"

"वाटलं, जाऊ दे. त्रिवेणीच हाय. मग दुसरा डाव हातातून जायला लागला... आन् हात वर गेला."

"सगळ्यायपुढं मला चोर ठरवलंस. माझे अप्पा बसले होते तिथं."

"ते मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

त्याने पत्त्यांची डबी उघडली आणि मिटली. तिला राग आला होता, पण तो खोटं बोलला नाही हेही तिला दिसत होतं. आणि मग तिला वाटलं, आपणही आपलं सांगून टाकावं.

"तुझा पहारा मला आठवत होता," ती म्हणाली. "तू गठ्ठ्याकडं हात नेलास तवाच."

"मला वाटलंच. तुझ्या तोंडाकडं बघितलं मी. म्हटलं, ही बोलायली न्हाई म्हंजे काही राहिलं नसंल."

हे तिला ठाऊक नव्हतं. तो थांबला होता, तो तिच्यासाठी थांबला होता. तिचं तोंड बघून त्याने पत्ता उचलला होता. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं माफी मागितल्यासारखं होतं आणि माफी तिला मागायची नव्हती. तिने काही चुकीचं केलं नव्हतं.

"त्रिवेणी, रिक्षा आली!" अप्पांनी हाक मारली. मग हरिओमला बघून ते दोन पावलं पुढे आले.

"तुमी जेवलात का?" अप्पांनी हरिओमला विचारलं.

"न्हाई काका."

अप्पांनी तिच्या हातातल्या पिशवीतून फराळाची एक पुडी काढून त्याच्या हातात दिली. "गाडीत खा. आन् पुढच्या टायमाला शंका आली तर तवाच बोलायचं. उशिरा बोललं की खऱ्याचंबी खोटं दिसतं."

हरिओमने मान खाली घालून पुडी घेतली.

त्यानंतर बरेच रविवार त्रिवेणी परभणीला गेली नाही. त्याचा फोन आला की दुकानात गर्दी आहे म्हणायची. मग एका रविवारी दुपारी तोच मानवतच्या स्टँडवर उतरला आणि बियाण्यांच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्याने तिला फोन केला. ती गेली. दोघांनी पायरीवर रुमाल अंथरून डाव मांडला. सुरू करण्याआधी त्याने आपला गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. तिने तो तपासला, पिसला आणि परत दिला. मग आपला त्याच्यापुढे सरकवला. पूर्वी ते असं कधी करत नव्हते. आता दर वेळी करतात.