गव्हाच्या बिअरमधलं केळं

गेली अकरा वर्षं मी वसईच्या एका साप्ताहिकात खाण्यापिण्याच्या जागांवर लिहितो. आठवडाभर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि शनिवारी कुणाच्या तरी मिसळीत दोष काढायचा, असा माझा चौरस आहार आहे. वाचक चारेकशे असावेत. त्यांतले निम्मे हॉटेलवाले, त्यामुळे मला गावात मान आहे आणि रस्सा गरम मिळतो.

जानेवारीत मी फेबियनच्या 'बावखल'वर लिहिलं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. फेबियनच्या वडिलांच्या केळीच्या वाडीत ते अजून आहे. त्याच्या काठावर या पोराने स्टीलच्या टाक्या बसवल्या, समोर बारा टेबलं मांडली आणि पब काढला. चार बिअर तिथेच बनतात आणि तिथेच प्यायच्या. मी चारही छोट्या ग्लासांतून चाखल्या, मधे मधे पाणी प्यायलो, वहीत नोंदी केल्या आणि चेहरा पेपर तपासताना असतो तसा ठेवला. काळी बिअर बरी होती. कडू बिअर फारच कडू होती, तिला मी 'धीट' म्हटलं. पण गव्हाची बिअर नाकाजवळ नेली आणि मला पिकल्या केळ्याचा स्पष्ट वास आला. भोवती केळीच केळी. लेखात मी लिहिलं: 'वसईच्या राजेळी केळ्याचा असा अस्सल उतारा याआधी कुठल्याही ग्लासात उतरला नसेल. इथे वाडीच पेल्यात आली आहे.'

वाक्य मला आवडलं होतं. जयवंतीलाही आवडलं, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती. बायको माझे लेख छापायच्या आधी वाचते आणि छापल्यावर बोलते.

लेख शुक्रवारी आला. सोमवारी दुपारी फेबियनचा फोन.

"सर, पप्पा आले होते."

त्याच्या आवाजावरून मला वाटलं, मोडतोड झाली. फेबियन माझा जुना विद्यार्थी. त्याचे वडील बॅप्टिस्ट अंकल, वय अठ्ठ्याहत्तर, उभा जन्म वाडीत गेलेला. पबसाठी फेबियनने चाळीस केळी उपटल्या, त्या दिवसापासून अंकल तिकडे फिरकले नव्हते. घराच्या व्हरांड्यापासून पब ऐंशी पावलांवर. उद्घाटनाला फादर आले, नगरसेवक आला, मी आलो. अंकल व्हरांड्यात बसून पेपर वाचत होते. दारूला त्यांचा विरोध नव्हता, लग्नाकार्यात तेही घेत. विरोध चाळीस केळींवरून होता. आठ महिने बापलेक एका ताटलीतला पाव खात होते आणि बोलत होते फक्त मोटरच्या फ्यूजबद्दल.

"काल चर्चमधून, मिस्साहून थेट आले, सर. कोटासकट. म्हणाले, ती केळ्याची दे. अर्धा ग्लास प्यायले. ग्लास ठेवून घरी गेले. आज सकाळी राजेळीचं अख्खं लोंगर, सगळा घडच, दारात आणून ठेवलंय. म्हणाले, लागेल तुला."

"मग छान झालं की."

"छान झालं. पण सर, त्या बिअरमध्ये केळं नाहीये."

मी वही उघडून नोंद पाहिली. 'पिकलं केळं' असंच लिहिलं होतं.

"तो वास यीस्टचा. गव्हाच्या बिअरला तो येतोच. एस्टर, सर. तुम्हीच शिकवलंत. बारावीच्या प्रॅक्टिकलला टेस्ट ट्यूब नाकाशी धरायला लावायचात आणि विचारायचात, कसला वास येतो?"

फळाच्या वासाचं ते रसायन पुढे करून तेवीस वर्षं मी हे विचारत आलोय. उत्तर 'केळं' असतं आणि त्याला पूर्ण मार्क मिळतात. पण प्रयोगशाळेत माणूस एस्टर हुंगतो आणि वाडीत बसला की केळं. मी वाडीत बसलो होतो.

"मी दुरुस्ती छापतो," मी म्हणालो. "येत्या शुक्रवारीच."

"नको, सर."

"अरे, पातळ रश्श्यावरून मी लोकांना जाहीर माफी मागायला लावलीय."

"तुमची माफी होईल, माझे पप्पा परत व्हरांड्यात बसतील. आठ महिन्यांनी आलेत. त्यांना वाटतंय त्यांची केळी यात आहेत. थांबा ना जरा."

मी थांबायचं कबूल केलं. संध्याकाळी जयवंतीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे तुझ्या एम.एस्सी.ला कुणी विचारलं नाही, आणि नाकाने दगा दिला."

"टोमणे नंतर मार. करू काय?"

"त्यात काय करायचंय? केळं घालायला सांग त्याला. तुझं वाक्य खरं होईल. नाहीतरी लोंगर दारात पडलंय."

अकरा वर्षांत मी समीक्षेनुसार पदार्थ बदलायला लावले होते, पण लेख छापून झाल्यावर त्याच्यासाठी पदार्थ बनवण्याची ही पहिलीच वेळ. फेबियनला कल्पना पटली. पिकलं केळं टाकलं तर टाकीत चिखल होतो, म्हणून सुकेळी घालायची ठरली. राजेळी सोलून, चटईवर उन्हात सात दिवस सुकवून, केळीच्या वाळल्या पानात बांधतात ती सुकेळी. अंकलच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या होते. त्यांना कळू नये म्हणून फेबियनने पबच्या गच्चीवर चटया टाकल्या.

अडचण कॅलेंडरची होती. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे उपवासाच्या चाळीस दिवसांत, अंकल थेंबाला शिवत नाहीत. बिअर त्याआधी तयार व्हायला हवी, नाहीतर सगळं एप्रिलवर जाणार. दुरुस्ती तोवर दाबून ठेवणं मला शक्य नव्हतं. माझा हिशेब सरळ होता: बुधवारच्या आत त्यांनी खरी केळ्याची बिअर प्यायली, तर मी छापेन. नाही प्यायली, तरी छापेन. फेबियन त्या आठवड्यात माझ्याशी फार आदराने बोलला.

मधल्या काळात अंकल दर रविवारी येत, अर्धा ग्लास घेत आणि सोमवारी लोंगर ठेवून जात. टाक्यांच्या खोलीत सहा लोंगरं टांगली गेली. गिऱ्हाईकं त्यांच्यासमोर फोटो काढायची आणि माझं वाक्य खाली लिहायची.

राखेच्या बुधवारच्या आदल्या रविवारी सुकेळीची बिअर उतरली. फेबियनने आधी मला दिली. मी हुंगली, घोट घेतला, तोंडात फिरवला.

"केळं लागत नाही," मी म्हणालो.

"नाहीच लागत. साखर यीस्ट खाऊन टाकतं."

म्हणजे केळं नव्हतं त्या बिअरला केळ्याचा वास होता, आणि पाच किलो सुकेळी घातलेलीला काही नव्हतं. एवढ्यात अंकल मिस्साहून आले. रविवारी चर्चमध्ये पहिलं वाचन तेच करतात. मुलाशी घरच्या बोलीत बोलतात, माझ्याशी वाचनातल्या मराठीत.

"बसा, सदानंदराव. आपण उभे का?"

फेबियनने त्यांच्यासमोर दोन ग्लास ठेवले. मी सगळं सांगणार होतो, वाक्य तयार होतं. पण त्यांनी पहिला ग्लास बाजूला सारला.

"ही ओळखीची आहे. हिच्यात केळं नाही."

फेबियनने माझ्याकडे पाहिलं. मी बावखलाकडे.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"साठ वर्षं केळी लावतोय. पहिल्याच घोटाला कळलं."

"मग इतकी लोंगरं?"

"आपण छापलं होतं ना. म्हटलं, चारचौघांत आपला शब्द पडायला नको. फेबियन आज ना उद्या घालीलच."

त्यांनी दुसरा ग्लास उचलला. घोट घेतला, डोळे मिटले. फेबियनच्या हातातलं फडकं थांबलं.

"ही माझी," अंकल म्हणाले. मग मुलाकडे वळले. "पाचव्या दिवशी उचललीस."

"सातव्या, पप्पा."

"पाचव्या. मध लागतोय, पण मागून करपल्यासारखं यायला हवं, ते नाही. ते सातव्या दिवशी येतं."

फेबियनने फडकं खांद्यावर टाकलं. बुधवारच्या घाईत त्याने पाचव्याच दिवशी चटया गुंडाळल्या होत्या, मला त्यानेच सांगितलं होतं. मी पुन्हा घोट घेतला. आता मला मध लागला. सांगितल्यावर मला बरंच काही लागतं.

"हे चवीवरून कळलं, अंकल?"

"चवीवरूनच," ते म्हणाले. ग्लास संपवून शांतपणे खाली ठेवला. "आणि व्हरांड्यातून गच्ची दिसते."

मग त्यांनी पबमध्ये पहिल्यांदाच चोहीकडे नजर फिरवली. टाक्या पाहिल्या, बारा टेबलं मोजली, बावखलाकडच्या दोन टेबलांकडे बोट केलं.

"ती उचल. ऊन तिथे चांगलं पडतं. ईस्टरपर्यंत चटया मी घालीन. तू हात लावू नकोस."

"गिऱ्हाईकं कुठे बसतील, पप्पा?"

"दहा टेबलं आहेत."

दुरुस्ती शुक्रवारी आली, चार ओळींची. गव्हाच्या बिअरमध्ये केळं नाही, तो वास यीस्टचा, लेखकाला हे माहीत असायला हवं होतं. सुकेळीची बिअर नवी असून दोन दिवस कच्ची आहे. अंकलनी ती व्हरांड्यात वाचली आणि निरोप धाडला: कच्ची लिहिलंत, बरं केलंत.

बावखलावर आता दहा टेबलं आहेत. फेबियन कुरकुरतो, पण सकाळी चटया उलटायला अंकलबरोबर तोच असतो.