खाल्लेल्या पानांची बाग

मित्रांनो, मी जस्ताच्या पत्र्याची एक जुनी झारी आहे. माझा जन्म जयपूरच्या त्रिपोलिया बाजारातला. एका कारागिराने पत्रा कापून गोल वळवला, सांध्यांना डाग दिले आणि तोटीच्या टोकाला बारीक भोकांची चाळणी बसवली. मग त्याने माझ्यात पाणी भरून मला तिरके केले. एका पाण्याच्या इतक्या धारा झालेल्या पाहून मी थक्क झाले. जगात याहून मोठे आश्चर्य नसेल, असे मला तेव्हा वाटले होते.

मला विकत घेतले श्रीपादराव गोखल्यांनी. ते विमा कंपनीत अधिकारी होते आणि बदली होऊन जयपूरला आले होते. बनीपार्कात त्यांचे भाड्याचे घर होते. घरात पत्नी शालिनीबाई आणि लहानगी विभा. अंगण मोठे होते, पण त्यात वाळूशिवाय काही नव्हते. त्यामुळे पहिली काही वर्षे मी ओसरीच्या कोपऱ्यात धूळ खात पडून राहिले.

मग अठ्ठावन्न साली श्रीपादरावांचे वडील आले. सगळे त्यांना आप्पासाहेब म्हणत. सारा जन्म राजापूरकडच्या त्यांच्या गावी, पोफळीच्या सावलीत गेला होता. पत्नी वारल्यावर मुलाने त्यांना एकटे राहू दिले नाही. एका ट्रंकेत त्यांचे कपडे होते आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार-पाच फांद्या. मोगरा, अनंत, जास्वंद. जास्वंदीची फांदी त्यांच्या पत्नीने लावलेल्या झाडाची होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केले. आता माझे खरे दिवस सुरू झाले. सकाळी मी, संध्याकाळी मी. पण जयपूरची वाळू कितीही पाणी पिते आणि ओठ पुसून कोरडी होते. पहिल्या उन्हाळ्यात अनंत गेला. दुसऱ्यात मोगरा जळाला. विहिरीचे पाणी खाली गेले, तसे शालिनीबाईंनी मोजके पाणी द्यायला सुरुवात केली. ओसरीच्या पायरीशी जास्वंद तेवढी कशीबशी तग धरून होती.

आप्पासाहेबांचेही तसेच चालले होते. त्यांना इथली भाषा येत नव्हती. बाजरीची रोटी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. विभा आठ वर्षांची झाली होती, पण शाळेत हिंदी आणि गल्लीत हिंदी, त्यामुळे मराठी बोलताना ती अडखळायची. आजोबांनी एक विचारावे, तिने दोन शब्दांत उत्तर देऊन पळावे. एका संध्याकाळी त्यांनी मुलाला शांतपणे सांगितले, की उन्हाळा संपला की माझे गावचे तिकीट काढ.  शालिनीबाई डोळे पुसत आत गेल्या.

शेजारी एक मोकळा प्लॉट होता. त्यात रुईची दाट झुडपे होती. चैत्रात तिथे घर बांधायचे ठरले आणि मजुरांनी सगळी रुई कापून बैलगाडीत भरली. त्या दिवशी विभा दुपारच्या उन्हात धावत आली. तिच्या फ्रॉकच्या ओच्यात अळ्या होत्या. काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांच्या, अंगावर काळी शिंगे उगवल्यासारख्या. ती त्या अळ्यांना रोज बघायला जात असे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

तिने त्या जास्वंदीवर ठेवल्या. आप्पासाहेब ताडकन उठले. बागेतली अळी दिसली की चिरडायची, हेच त्यांनी आयुष्यभर केले होते.

"आजोबा, नका ना," विभा म्हणाली. "यांचं घर तोडलं. मतलब, जेवणच तोडलं."

आप्पासाहेबांचा हात थांबला. बहुधा एवढे लांब वाक्य नात पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली होती.

अळ्या जास्वंदीचे पान खाईनात. विभाने लिंबाची पाने आणली, कोथिंबीर आणली, घरातली भाजीसुद्धा आणली. अळ्या प्रत्येक पानाला डोके लावत, मान उचलून इकडेतिकडे हलवत आणि पुढे सरकत. दुसऱ्या दिवशी दोन अळ्या खाली पडल्या त्या हलल्याच नाहीत. विभा पायरीवर बसून होती. आप्पासाहेब बराच वेळ त्या अळ्यांकडे वाकून बघत राहिले. मग त्यांनी डोक्याला पंचा बांधला आणि लूचे तापलेले वारे वाहत असताना बाहेर पडले. शालिनीबाई मामंजी, मामंजी करत फाटकापर्यंत गेल्या, पण ते थांबले नाहीत.

ते परतले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. चौमू गावाकडे जाणाऱ्या रस्त्याने पार शहराबाहेर जाऊन त्यांनी रुईच्या फांद्या आणल्या होत्या. चेहरा लालबुंद झाला होता. बसायच्या आधी त्यांनी माझ्यात पाणी ओतले आणि त्या फांद्या माझ्या तोंडात उभ्या केल्या. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ नये म्हणून विभाला हात धुवायला लावले. मग एकेक अळी पानावर सोडली.

मित्रांनो, त्या अळ्या खाऊ लागल्या. मी पाण्याचे पुष्कळ आवाज ऐकले होते, पण हा आवाज निराळा होता. बारीक, सलग, जणू दूर कुठे कोणी कोरा कागद फाडत होते. आजोबा आणि नात माझ्याजवळ मांडी घालून बसले आणि ऐकत राहिले.

त्या दिवसापासून मला कोणी उचलले नाही. जास्वंदीला पाणी तांब्याने दिले जाई. आप्पासाहेब रोज पहाटेच्या गारव्यात ताज्या फांद्या आणत. अळ्या बोटाएवढ्या फुगल्या. मग त्यांतली एक पान सोडून माझ्या मुठीवर चढली. खालच्या अंगाला तिने रेशमाचा ठिपका लावला, त्याला शेपटीने धरून उलटी लटकली आणि तिने आपली कातडी पायमोज्यासारखी उतरवली. आत अळी नव्हतीच. हिरवट, गुळगुळीत कोष होता, आणि त्यावर सोन्याचे ठिपके होते. खरे सांगते, जयपुरात सोनारांची काय कमतरता आहे? पण तसे सोने मी पाहिले नव्हते, आणि ते माझ्या पत्र्याच्या मुठीला लटकत होते.

घरातली माणसे माझ्याभोवती हळू पावलांनी चालू लागली. एके सकाळी कोष काळपट झाला आणि आतून केशरी रंग दिसू लागला. आप्पासाहेबांनी सर्वांना बोलावले. श्रीपादराव अर्धी दाढी करून तसेच आले. कोष फुटला. त्यातून काहीतरी ओले, चुरगळलेले बाहेर आले आणि मला धरून लोंबकळू लागले. त्याचे बारीक पाय मला जाणवत होते. वजन म्हणाल तर काहीच नाही. हळूहळू पंख उलगडत गेले. केशरी, काळ्या काठांचे, टोकाला पांढरे ठिपके असलेले.  ते उडून भिंतीपलीकडे गेल्यावरही सगळे तिकडेच पाहत होते.

"तितली," विभा म्हणाली.

"फुलपाखरू," आप्पासाहेब म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच "तितली" असे म्हणून पाहिले. आणि मग मुलाकडे वळून म्हणाले, "श्रीपाद, तिकिटाचं राहू दे."

वैशाखात जास्वंद गेली. त्यांनी ती स्वतः उपटली, मूळ हातात घेऊन जरा वेळ उभे राहिले, आणि त्या खड्ड्याची माती मोकळी करून ठेवली. पुढच्या काही महिन्यांत आजोबा-नात रविवारी माळरानात हिंडू लागले. उन्हात हिरवे राहते ते काय, आणि कोणते फुलपाखरू कोणत्या पानावर अंडे ठेवते, एवढेच ते बघत. विभा झाडाचे हिंदी नाव विचारून येई, आजोबा तिला मराठी नाव सांगत. काही झाडांना मराठी नाव नसे, मग दोघांची तोंडे बघण्यासारखी होत. अशी एकेक निवड झाली. रुई अंगणाच्या टोकाला, चिकाला हात लागू नये म्हणून. फिकट पिवळ्या फुलपाखरांसाठी तरवड. ठिपक्याठिपक्यांच्या इवल्या फुलपाखरांसाठी बोर. पांढऱ्या थव्यांसाठी केर नावाचे इथले काटेरी झुडूप, ज्याला पाने जवळजवळ नसतातच. आणि मोठ्या फुलपाखरांच्या मधासाठी सदाफुली.

पहिल्या वर्षी मी त्या सर्वांना पाणी घातले. दुसऱ्या वर्षी अधूनमधून. मग मुळे इतकी खोल गेली, की त्यांना माझी गरज उरली नाही. मी पुन्हा ओसरीच्या कोपऱ्यात गेले. मला वाईट वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. पण पासष्ट साली पावसाने पाठ फिरवली, गल्लीतली हिरवळ आणि गुलाब करपले, तेव्हा आमच्या अंगणात केरावर लाल फुले होती आणि त्यांवर पांढरी फुलपाखरे इतकी, की झुडूप हलते आहे असे वाटे. गल्लीतली माणसे फाटकाशी येऊन उभी राहत. मी कोपऱ्यातून ते पाहत होते. एक थेंबही न ओतता हे सारे उभे होते.

पुढच्या वर्षी श्रीपादरावांची बदली नागपूरला झाली. सामान ट्रकवर चढले. राहायला येणाऱ्या नव्या बाई अंगण पाहायला आल्या. झाडांना पाणी किती द्यायचे, असे त्यांनी विचारले. आप्पासाहेब आता छान हिंदी बोलत. त्यांनी सांगितले, की पाणी नको. मग जरा संकोचाने म्हणाले, "बस, पत्ते खाए हुए दिखें, तो कुछ मत कीजिए."

त्या बाईंना अर्थ कळला नाही. विभाने त्यांचा हात धरला, त्यांना रुईपाशी नेले, आणि एक पान उलटून दाखवले. बाई वाकल्या. वाकल्या त्या बराच वेळ वर आल्या नाहीत. तिकडे ट्रकवाला भोंगा वाजवत होता.

मित्रांनो, तुम्ही बाग लावाल तेव्हा झाड तुमच्या मातीत आणि तुमच्या उन्हात राहणारे निवडा. ते कोणाचे जेवण आहे, तेही विचारून घ्या. आणि पानाला भोक दिसले, तर हात उचलण्याआधी पान उलटून पाहा.